गाणाऱ्याचा हात

युरोपातल्या जुन्या वृंदगानाची पोथी उघडली, की आजच्या संगीतकाराच्या सवयीची एक गोष्ट तिच्यात सापडत नाही. चारही आवाज एकाखाली एक मांडलेले, उभ्या रेघांनी मापून दिलेले, असं तिथे काही नसतं. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या मोठ्या वृंदपोथीत समोरासमोरच्या दोन पानांवर प्रत्येक आवाजाची ओळ वेगवेगळ्या जागी लिहिलेली असे आणि सगळे गायक त्या एकाच पोथीभोवती उभे राहून गात. नाहीतर प्रत्येकाच्या हाती फक्त आपल्या आवाजाची वही असे. शेजारचा काय गातो आहे हे वाचून कळायची सोय नव्हती, ते ऐकूनच कळायचं. इंग्लंडचे गायक आणि वृंदसंचालक पॉल हिलियर यांच्या कारकिर्दीचा अर्थ या पोथीत दडलेला आहे, असं मला वाटतं. गायक, संचालक आणि नव्या रचनांचे पुरस्कर्ते असे त्यांचे तीन खंड पाडले जातात. माझ्या मते ती एकच शिस्त आहे.

हिलियर यांचा जन्म १९४९चा, आवाज बॅरिटोन, शिक्षण लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये. १९७४ साली त्यांनी तीन सहकाऱ्यांसह हिलियर्ड एन्सेम्बल सुरू केलं. नाव घेतलं ते एलिझाबेथकालीन लघुचित्रकार निकोलस हिलियर्ड यांचं, आणि ते शोभणारंही होतं, कारण इथे बहुधा एका ओळीला एकच गायक असे. मोठ्या वृंदात एखाद्याचा स्वर किंचित ढळला तर तो गर्दीत बुजतो. चौघांत तो लपत नाही. तंबोरा नीट जुळला की त्यातून न छेडलेला स्वयंभू गंधार उमटतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. हार्मोनियमचा गंधार त्याहून थोडा चढा असतो. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या रचनांत जिथे सगळे आवाज येऊन विसावतात, तिथे हे गायक तोच स्वयंभू गंधार शोधत होते. त्यासाठी आवाजातला कंप आवरावा लागतो, कारण हलणाऱ्या स्वरावर दुसरा स्वर टेकत नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या नोत्र दाममध्ये गायल्या गेलेल्या पेरोताँच्या चार आवाजी रचनांचं त्यांनी १९८८च्या सुमारास केलेलं ध्वनिमुद्रण ऐकावं. तिथे विसावा गंधारावर नसतो, षड्ज-पंचमावर असतो. शास्त्र बदललं, पण कान तोच राहिला.

याच वर्षांत हिलियर एस्टोनियाच्या आर्व्हो पेर्त यांच्या संगीताकडे वळले. ‘पासिओ’ या पेर्त यांच्या दीर्घ रचनेचं ध्वनिमुद्रण हिलियर यांच्या संचालनाखाली १९८८ साली प्रकाशित झालं, आणि १९९७ मध्ये पेर्त यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ ऑक्सफर्डने काढला. जुनं सोडून नव्याच्या मागे जाणं याला म्हणता येणार नाही. पेर्त यांनीही मधल्या मौनाच्या काळात चर्चचं एकस्वरी गायन आणि प्रारंभीच्या बहुस्वरी रचना अभ्यासल्या, आणि त्यातूनच १९७६ मध्ये त्यांना आपली शैली सापडली. एक आवाज सुरांच्या पायऱ्यांवरून चालतो, दुसरा मूळ तीन स्वरांतच घुमत राहतो. म्हणजे हिलियर आणि पेर्त एकाच विहिरीवर आले होते.

१९९० मध्ये हिलियर यांनी हिलियर्ड एन्सेम्बल सोडलं आणि थिएटर ऑफ व्हॉइसेस स्थापन केलं. पुढे कॅलिफोर्नियात आणि इंडियाना विद्यापीठात अध्यापन, २००१ ते २००७ एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर क्वायरचं संचालन, आणि २००३ पासून अनेक वर्षं कोपनहेगनच्या आर्स नोव्हाचं. इथे पहिला आक्षेप येतो. जुन्या काळी समोर उभा राहून भाव दर्शवणारा संचालक नव्हताच, मग गायकाने पंगत सोडून समोर जाणं म्हणजे त्या संगीताशी प्रतारणा नव्हे का? आक्षेपात तथ्य आहे. पण सोळाव्या शतकातले ग्रंथकार हाताच्या संथ खालीवर होणाऱ्या ठोक्याचं वर्णन करतात. मैफलीत मांडीवर ताल धरणाऱ्या हातासारखा तो हात काळ सांभाळतो, गाणं घडवत नाही. गायकीतून आलेल्या संचालकाला हा फरक देहाने ठाऊक असतो. ओळ कुठे श्वास मागते हे त्याने मागाहून शिकलेलं नसतं. मोठ्या वृंदापुढे त्याला त्याहून अधिक करावं लागतं, हे मात्र मान्य करायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. रिचर्ड तारुस्किन या संगीतविद्वानाने आग्रहाने मांडलं, की ‘अस्सल जुनं’ म्हणून जे वाजवलं-गायलं जातं, ती खरं तर विसाव्या शतकाची आधुनिक अभिरुची आहे. कंपरहित, नितळ स्वर हा इंग्लिश कॅथीड्रलांत घडलेल्या गळ्यांचा गुण आहे, बाराव्या शतकाचा नव्हे. मला हे जवळजवळ पूर्ण पटतं. पेरोताँच्या गायकांचा कंठ कसा होता हे सांगणारा पुरावा नाही. मात्र आक्षेप गळ्याच्या रंगाला लागू होतो, ऐकण्याच्या रीतीला नाही. सुट्या वह्यांवरून गाणाऱ्याला शेजाऱ्याचं ऐकावंच लागतं, ही अभिरुची नाही, लिखित पुराव्याने लादलेली गरज आहे. आणि हिलियर स्वतः त्या इंग्लिश रंगात अडकून पडले नाहीत. एस्टोनियाच्या वृंदाकडून त्यांनी रखमानिनॉव्हची रात्रभराच्या प्रार्थनेची रचना ध्वनिमुद्रित केली. तिथले खर्जातले पुरुषी स्वर लंडनच्या कुठल्याही चौघांत मिळणारे नव्हेत. रंग पूर्ण वेगळा, तरीही विसाव्याच्या जागी स्वर तसेच एकमेकांना शोधत येतात.

हीच शिस्त नव्या रचनेतही ऐकू येते. संगीतकार डेव्हिड लँग यांची ‘द लिटल मॅच गर्ल पॅशन’ ही रचना २००७ मध्ये न्यूयॉर्कला थिएटर ऑफ व्हॉइसेसने प्रथम गायली. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. अँडरसनची काडेपेट्या विकणारी मुलगी, बाखच्या ‘पॅशन’चा साचा, आणि गायक अवघे चार. तालवाद्यंही तेच वाजवतात. हे चौघे गात असताना थंडीत एकट्या पडलेल्या मुलीच्या कथेत एकही आवाज एकटा राहत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या स्वरावर टेकून उभा असतो.