परदेशातला पहिला आठवडा



आता आपल्या औंढ्या-लोणावळ्यातली मुलंही जर्मनीला निघाली आहेत. त्यांचे आई-वडील इथे समोरच बसले आहेत, म्हणून तिथल्या पहिल्या आठवड्याबद्दल थोडं सांगते.

घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. तो मिळणार का, हे खोली ठरवतानाच विचारावं. नोंदीनंतर कराचा क्रमांक टपालाने येतो, त्यामुळे टपालपेटीवर आपलं आडनाव हवंच. रविवारी दुकानं बंद. दूध-ब्रेड शनिवारीच आणावा.

ही कामं होतात. जड जाते ती शांतता. मावळात धो धो पावसातही शेजारीण हाक मारते. तिथे जिन्यात नुसतं ‘हॅलो’. तो तुटकपणा नसतो, तिथली रीत असते.

हिवाळ्यात वेळेचा फरक साडेचार तासांचा. मुलं कामावरून घरी येतात तेव्हा इथे निजानीज झालेली असते. तरी तो पहिला आठवडा जागे राहा. ‘सगळं ठीक आहे’ म्हणाली, तरी लगेच फोन ठेवू नका. ‘आज काय जेवलीस?’ एवढं विचारा. माझी आई रोज तेच विचारायची. त्यावर माझा आठवडा निघाला.