समुद्रातलं बुजगावणं

पेरणी झाली की पाखरं दाणे टिपायला येतात आणि शेतकरी शेतात बुजगावणं उभं करतो. हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण भर समुद्रात, बोटीच्या मागेही बुजगावणं लावतात, हे किती जणांना ठाऊक असेल?

दक्षिणेकडच्या समुद्रांत काही बोटी कित्येक किलोमीटर लांबीचा दोर सोडून मासे धरतात. दोराला हजारो गळ आणि प्रत्येक गळाला आमिष. दोर बुडेपर्यंत आमिष थोडा वेळ पाण्याच्या वरच्या थरात राहतं. तेवढ्यात अल्बट्रॉससारखे समुद्रपक्षी त्यावर झडप घालतात. गळ चोचीत अडकतो आणि दोराबरोबर ओढला जाऊन पक्षी बुडून मरतो. अल्बट्रॉसची मादी एका विणीत एकच अंडं घालते, काही जाती तर वर्षाआड. त्यामुळे मेलेल्या पक्ष्यांची जागा भरून यायला फार काळ लागतो.

यात मच्छीमाराचंही नुकसानच आहे. आमिष पक्ष्यानं पळवलं की त्या गळाला मासा लागत नाही. म्हणून यावरचा उपायही जपानी मच्छीमारांनीच शोधला. बोटीच्या मागच्या बाजूला उंचावरून एक वेगळा दोर सोडायचा आणि त्याला रंगीत पट्ट्या लटकवायच्या. फडफडणाऱ्या पट्ट्यांना पक्षी बिचकतात, तोवर गळ खोल जातात. गळांच्या दोराला पुरेशी वजनं लावली तर तो लवकर बुडतो. तो रात्री सोडला तर दिवसा भक्ष्य शोधणारे पक्षी वाचतात.

आफ्रिकेतल्या नामिबियाचं उदाहरण पाहा. तिथं २००९ मध्ये अशा दोरांच्या मासेमारीत सुमारे २२ हजार पक्षी मेल्याचा अंदाज होता. पक्षीसंरक्षक कार्यकर्ते बोटींवर गेले, खलाशांबरोबर राहिले, पट्ट्यांचा दोर वापरून दाखवला. २०१५ मध्ये सरकारनं तो सक्तीचा केला. २०१८ मध्ये मृत पक्ष्यांचा अंदाज २१५ वर आला. वॉल्विस बे बंदरातल्या महिलांच्या एका गटाला हे दोर बनवण्याचं कामही मिळालं.

कायदा किनाऱ्यावर होतो, पण पाळला जातो तो समुद्रात, जिथं पाहायला कोणी नसतं. शेतातलं बुजगावणं एकदा उभं केलं की हंगामभर राहतं. समुद्रातलं मात्र दर खेपेला नव्यानं सोडावं लागतं, आणि ते खलाशाच्याच हातात असतं.