जुना फोन, जुना मालक

जुना मोबाइल विकत घेतला आणि तो सुरू होतानाच आधीच्या मालकाचं खातं मागत अडून बसला तर काय करायचं, यावर बोला, असं आकाशवाणीच्या मंडळींनी मला सांगितलं. वेळ पाच मिनिटांचा. मी तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. पाच मिनिटांत माझा फळासुद्धा पुसून होत नसे. बघू या.

आमच्या भोपाळात न्यू मार्केट घ्या, एम. पी. नगर घ्या, नाहीतर जुन्या शहरातला चौक. वापरलेले फोन विकणारं दुकान सापडतंच. नव्याची किंमत ऐकून माणूस तिकडे वळतो, त्यात काही गैर नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंनी असाच एक घेतला. दुकानदार म्हणाला, ‘एकदम साफ कर दिया है, आंटी.’ साफ होता खरा. घरी आल्यावर फोनने भाषा विचारली, वायफाय विचारलं, आणि मग म्हणाला, या फोनवर आधी जे गूगल खातं होतं त्याचा पासवर्ड द्या. काकू माझ्याकडे आल्या. ‘अहो सर, पैसे मी मोजले आणि पासवर्ड कुणा परक्याचा?’

भाडेकरूने खोली सोडली, सामान नेलं, तुम्ही भिंतींना चुना मारला. पण दाराला कुलूप त्याचंच. तसं आहे हे. फोटो, नंबर, मेसेज सगळं पुसलं, तरी शेवटचं खातं कुणाचं ही नोंद फोनमध्ये वेगळ्या कप्प्यात राहते. बाहेरची बटणं दाबून केलेली पुसापुशी त्या कप्प्यापर्यंत पोचत नाही. आयफोनमध्ये हे कुलूप २०१३ साली आलं, अँड्रॉइडमध्ये २०१५ साली. त्या काळात अमेरिकेतल्या शहरांत रस्त्यावर हातातून फोन हिसकावून नेत. कॅलिफोर्नियाने तर २०१४ साली असं कुलूप फोनमध्ये हवंच, असा कायदा केला. चोराने फोन नेला तरी त्याला तो विकता येऊ नये, एवढाच हेतू.

मग काकूंनी काय करायला हवं होतं? दुकानातच, विकणाऱ्याच्या देखत, फोन पुसून पुन्हा सुरू करायचा, आपलं खातं घालायचं, आणि पहिला पडदा दिसल्यावर पैसे द्यायचे. पुन्हा सांगतो, वर्गातही दोनदा सांगायचो: आधी फोन उघडून बघायचा, मग पैसे.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. लोकांना वाटतं, अडलेला फोन म्हणजे चोरीचाच. माझ्याकडे येतात त्यातले बहुतेक चोरीचे नसतात. मुलाने पुण्याहून पाठवलेला असतो, सुनेने नवा घेतला म्हणून सासूबाईंकडे आलेला असतो, नाहीतर चक्क स्वतःचाच असतो! पाच वर्षांपूर्वी दुकानातल्या पोराने ‘अंकल, जीमेल बना देता हूँ’ म्हणत खातं उघडून दिलं. नाव त्याने ठरवलं, पासवर्ड त्याने ठरवला, जन्मतारीखही त्यानेच १ जानेवारी टाकली. एका गृहस्थांना आपलं जीमेल आहे हेच ठाऊक नव्हतं. मला म्हणाले, ‘मी कधी पत्र पाठवलं नाही हो त्यावरून.’

जरा रागावतो, माफ करा. सिलिंडर कधी लावला ते तुम्ही कालनिर्णयवर लिहिता, दूधवाल्याचे खाडे लिहिता, आणि आपल्या खात्याचं नाव लिहून ठेवायला जागा नाही? एक वही करा. कपाटात ठेवा. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी नको, चोराला तेवढीच हवी असते. नवरा-बायकोने ती वही एकमेकांना दाखवून ठेवा. एक बाई आल्या होत्या. यजमान गेलेले, फोन नातवाला द्यायचा म्हणून कुणाकडून तरी पुसून घेतला, आणि फोन यजमानांचाच पासवर्ड मागत बसला. आत फोटो होते, तेही गेले. खातं बरेच महिने वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं, हे गूगलमध्ये आधीच नोंदवता येतं. ॲपलमध्ये वारस नेमता येतो. आयफोनचं मूळ बिल जपून ठेवा. कुलूप काढून मागताना ॲपल तेच बघते.

आणि तुम्ही विकणारे असाल, तर क्रम लक्षात ठेवा. आधी सेटिंगमध्ये जाऊन खातं काढायचं, मग फोन पुसायचा. आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ बंद करायचं. आधी खातं, मग पुसणं. उलट केलंत की घेणारा अडकला.

थोडक्या पैशांत ‘तोड देंगे’ म्हणणारेही भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. विकणाऱ्याकडेच परत जा. नव्या अँड्रॉइडमध्ये अशी पळवाट काढलेली फोनला कळते, आणि तो पुन्हा अडतो.

काचेपलीकडून हात दिसतोय, तेव्हा राहिलेलं भराभर. फोनचा स्वतःचा १५ आकडी आयएमईआय नंबर असतो. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार करून ‘संचार साथी’वर तो नंबर बंद करता येतो; ही सोय २०१९ साली मुंबईत सुरू झाली, मे २०२३ पासून देशभर आहे. असा बंद केलेला फोन आपलं खातं घालून उघडला, तरी त्यावरून कॉल लागत नाही. म्हणून घेण्याआधी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा, नंबर दिसेल. केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ ला एसएमएस करा. एक, चार, चार, दोन, दोन. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’ आलं, तर फोन काउंटरवर ठेवा आणि घरी या.