काकूंच्या चाळीस कुंड्या
(कोजागिरीच्या कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात दिलेले भाषण)



मसाला दूध उकळेपर्यंत बोला, असं सचिवांनी सांगितलंय. विषय मात्र मीच निवडला. कोपऱ्याच्या प्लॉटवरच्या काकू आज पुण्याहून आल्यात आणि मला त्यांना हिशेब द्यायचा आहे.

२०१८ चा पावसाळा संपल्यावर काकू मुलाकडे राहायला गेल्या आणि जाताना निवडुंगाच्या ४० कुंड्या माझ्याकडे सोपवल्या. "काही करावं लागत नाही रे," एवढंच म्हणाल्या. ते मी नीट ऐकलं नाही. त्याच वर्षी २९ डिसेंबरला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला. आपल्या लाखनीतही शेकोटीजवळून कोणी हलत नव्हतं. मी घाबरलो. सगळ्या कुंड्या पडवीत आणल्या, पोती गुंडाळली आणि झाडांना ऊब मिळावी म्हणून कोमट पाणी घातलं. एकदा नाही, दर चार दिवसांनी. संक्रांतीपर्यंत ११ झाडं बुडापासून मऊ पडली. बोट लावलं की आत जायचं. काकूंना फोन करायची हिंमत होईना. केला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "पाणी घातलंस का रे?"

निवडुंग मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिकोच्या पठारावर, अँडीजच्या उतारांवर हिवाळ्याच्या रात्री चांगल्याच गार असतात, पण तो काळ कोरडा असतो. थंडी पडली की झाड वाढ थांबवतं, अंगातलं पाणी कमी करतं, थोडं सुरकुततं. आपल्याला वाटतं वाळलं! पण त्यामुळे आतला रस घट्ट होतो आणि घट्ट रस सहजी गोठत नाही. मुळं झोपलेली असतात. अशा वेळी घातलेलं पाणी झाड पीत नाही, माती ओली राहते आणि बुरशी शिरते. उलट ही कोरडी झोप नीट मिळाली, तर मॅमिलॅरिया, रेबुशिया यांसारख्या जाती उन्हाळ्याच्या तोंडावर भरभरून फुलतात.

मग मी पुस्तकं वाचली, तीही इंग्लंडची. तिथे ऑक्टोबर ते मार्च पाणी जवळजवळ बंद ठेवतात आणि काचघरात पारा पाचेक अंशांच्या खाली जाऊ देत नाहीत. काचघर नसेल ते 'कोल्ड फ्रेम' करतात, म्हणजे विटांची किंवा लाकडाची बुटकी पेटी आणि वर काचेचं तिरकं झाकण. शेजाऱ्यांनी लाकडी खिडक्या काढून स्लायडिंग बसवल्या, तेव्हा ते काचेचे पल्ले मी मागून आणले आणि तशी पेटी बांधली. फेब्रुवारीत एक दिवस झाकण उघडायचं विसरून भंडाऱ्याला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर आणखी ६ झाडं भाजून पांढरी पडलेली. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण इंग्लंडचं ऊन आणि लाखनीचं ऊन यातला फरक मला त्या दिवशी कळला.

तेव्हा आपल्याला झाकण हवं, पेटी नको. आता विटांच्या चार थप्प्यांवर पारदर्शक पत्रा तिरका टाकतो आणि चारही बाजू मोकळ्या ठेवतो. काच नको, गारपिटीत फुटते. नुसती कोरडी थंडी बहुतेक जाती सोसतात. खरी भीती अवकाळी पावसाची. धान कापून कडपा शेतात पडल्या की नेमका येतो, तोच पाऊस निवडुंगाच्याही मुळावर उठतो. पावसाळ्यातही हेच छप्पर कामी येतं. कुंडीत अर्ध्याहून जास्त चाळलेली जाड रेती घालतो. ती घर बांधताना उरलेली होती, त्यामुळे कोणी चौकशीला येऊ नये! दिवाळीनंतर पाणी कमी करत जायचं, डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ बंद. फेब्रुवारीत दुपारी घाम यायला लागला की थोडंथोडं सुरू.

नर्सरीत लाल-पिवळ्या टोपीचे निवडुंग मिळतात, त्यांना मात्र कडाक्याच्या रात्री घरात घ्या. त्या टोपीत हरितद्रव्य नसतं, म्हणून तिचं ड्रॅगन फ्रूटच्या जातभाईवर कलम करतात. तो खालचा हिरवा खुंट उष्ण प्रदेशातला, थंडीत आधी तोच नासतो.

तर काकू, ४० पैकी २३ आहेत. मोठा सोनेरी गोळा वाचला. इंग्रजीत त्याला 'सासूबाईंची उशी' म्हणतात, आमच्या घरी ते नाव घेत नाहीत. एका अंगाला भाजल्याचा डाग राहिलाय, तो आता जाणार नाही. तुमच्या गाडीत मावतो का ते उद्या सकाळी बघू, पण दोन पोरं मदतीला लागतील, मला एकट्याला उचलत नाही. आणि ते खिडकीचे पल्ले अजून माझ्याकडेच पडून आहेत, कोणाला हवे असतील तर घेऊन जा.

दूध झालं वाटतं.