जमिनीला लावलेले कान

१ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. शास्त्रज्ञांनी बांधलेल्या अंदाजाच्या जवळजवळ अडीच पट मोठा स्फोट झाला. त्याची किरणोत्सारी राख दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पडली. बोटीवरचे तेवीसही जण आजारी पडले आणि त्यांच्यातला रेडिओ ऑपरेटर त्याच वर्षी सप्टेंबरात दगावला. या स्फोटानंतर महिनाभरात, २ एप्रिल रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत मागणी केली, की संपूर्ण निःशस्त्रीकरण होईल तेव्हा होवो, निदान या चाचण्या तरी थांबवा.

मागणी साधी होती, पण अडचण होती विश्वासाची. समोरच्याने शब्द पाळला की नाही, हे कळणार कसे? १९६३ च्या मॉस्को कराराने हवेतील, पाण्याखालील आणि अवकाशातील चाचण्यांवर बंदी आली. भारतानेही त्यावर सही केली. भूमिगत चाचण्या मात्र सुटल्या, कारण तपासणी कोणी व किती वेळा करायची, यावर अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचे जमले नाही.

मी महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवीत असे. कोयनेच्या भूकंपाचा धडा आला, की एखादा विद्यार्थी हमखास विचारी, "सर, भूकंप आणि बॉम्ब यांतला फरक कसा ओळखायचा?" उत्तर असे, की भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांवरून घसरतात, स्फोट मात्र खडकाला सर्व बाजूंनी एकदम बाहेर ढकलतो. त्यामुळे दोघांच्या लहरींची ठेवण वेगळी असते. शिवाय भूकंपाचे केंद्र बहुधा कित्येक किलोमीटर खोल असते. तिथवर खड्डा खणून कोणी बॉम्ब ठेवू शकत नाही.

याच ज्ञानावर १९९६ चा सर्वंकष चाचणीबंदी करार उभा आहे. त्यासाठी जगभर ३२१ केंद्रे आणि १६ प्रयोगशाळांचे जाळे आखले गेले. काही केंद्रे जमिनीचे हादरे टिपतात, काही समुद्रातला आवाज, काही माणसाला ऐकू न येणाऱ्या हवेतल्या लहरी, तर काही किरणोत्सारी कण व वायू. २००६ मध्ये उत्तर कोरियाने पहिली चाचणी केली, तेव्हा तिथून निसटलेला झेनॉन वायू दोन आठवड्यांनी थेट कॅनडातल्या केंद्रात सापडला! हीच यंत्रणा आता त्सुनामीचा इशारा द्यायलाही उपयोगी पडते.

गंमत अशी, की हा करार अद्याप अमलातच आलेला नाही. पावणेदोनशेहून अधिक देशांनी त्याला मान्यता दिली. पण ठरावीक ४४ देशांनी मान्यता दिल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यांतले अमेरिका, चीन, इस्रायल, इराण आणि इजिप्त सही करून थांबले. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरिया यांनी सहीच केली नाही. रशियाने २०२३ मध्ये दिलेली मान्यता काढून घेतली. करार लागू नसल्यामुळे संशयित जागी जाऊन प्रत्यक्ष पाहणी करण्याचा अधिकार कुणालाच नाही. कान आहेत, पण पाय बांधलेले आहेत.

भारताचा आक्षेप १९९६ मध्ये जिनिव्हात राजदूत अरुंधती घोष यांनी स्पष्ट मांडला होता. बड्या राष्ट्रांनी आपले साठे कधी नष्ट करायचे, याची मुदत करारात नाही. हा आक्षेप आजही खोटा ठरलेला नाही. मात्र मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर भारताने स्वतःहून चाचण्या थांबवल्या आणि तो शब्द पाळला, हेही तितकेच खरे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी इतरांच्या बरोबरीने चाचण्या सुरू करण्याचे आदेश दिल्याचे जाहीर केले. अशी भाषा एकाने केली, की दुसऱ्याला निमित्त मिळते. एकाने खरोखर स्फोट केला, तर बाकीचे फार काळ थांबणार नाहीत, आणि मग आपल्याही सरकारवर दबाव येईल. म्हणून मला वाटते, की सहीचा वाद बाजूला ठेवूनही भारताने या प्रश्नावर मोठ्याने बोलले पाहिजे. १९५४ साली आपल्याकडे बॉम्ब नव्हता, तरी आपण बोललो होतो. आज तो असूनही आपण थांबलो आहोत, म्हणून आपल्या शब्दाला वजन आहे. ते वापरायची वेळ हीच आहे.