औषधाची वही



पेनिसिलिन अपुरे घेतले तर जंतू मरत नाहीत, उलट ते औषधाला दाद देईनासे होतात, हा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनी 1945 सालच्या नोबेल व्याख्यानात दिला होता. पुढे दहाच वर्षांनी, 1955 साली, आपल्या घाटापलीकडे पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. ते कामगारांच्या हातचे औषध. म्हणून ते निकामी होताना आम्हांला अधिक लागते.

खोपोलीचा कंत्राटी कामगार तापाने फणफणला, की म्हणतो, "जोराची गोळी द्या, उद्या कामावर जायचे आहे." साध्या सर्दी-पडशावर प्रतिजैविक चालत नाही, हे त्याला सांगून भागत नाही, खाडा झाला की रोज बुडतो. त्याला काय दोष द्यावा? डॉक्टरांना तर सारेच उपदेश करतात. आमचा प्रश्न रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना आहे. औषधखरेदीवर सही त्यांची. औषधापूर्वी रक्त-लघवीचा नमुना तपासला जावा म्हणून प्रयोगशाळा रात्रीही चालू ठेवणे, हात धुण्यास पाणी-साबण पुरविणे, परिचारिका पुरेशा नेमणे, हे त्यांच्याच हाती. (युनियनवाला बोलला, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा!)

2014 पासून अनेक प्रतिजैविके 'एच-1' अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षे जपायची असते. मग कोणत्या वॉर्डात कोणते प्रतिजैविक किती दिवस चालले, ही वही दरमहा डॉक्टरांपुढे ठेवणे व्यवस्थापकांना जड का जावे? कर्जत-खालापुरात आम्ही प्रथम ती वहीच मागणार आहोत.