पुठ्ठ्याचे राक्षस, खरी भीती

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



रात्रीची वेळ. शाळेची इमारत अंधारात बुडालेली. खिडकीची काच फोडून एक मुलगा आत शिरतो, मागोमाग एक मुलगी. मुलगा धिटाईचा आव आणतो आहे. मुलगी मात्र घाबरलेली, कसली तरी चाहूल लागली म्हणते. भुताखेतांचे चार चित्रपट पाहिलेला कुणीही इथे मनाशी म्हणेल, ‘आता हिची पाळी!’ मुलगा तिला धीर देतो, इथे कुणीही नाही. तशी खात्री पटताच मुलगी वळते, तिचा चेहरा पालटतो आणि तीच त्याच्या गळ्यात दात रुतवते.

‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ ही अमेरिकन मालिका १० मार्च १९९७ रोजी अशी सुरू झाली. तिचा कर्ता लेखक जॉस व्हीडन. भयपटांत अंधाऱ्या गल्लीत जाणारी सोनेरी केसांची मुलगी हमखास मरते, हे त्याला खटकत होते. ती मुलगी गल्लीत गेली आणि तिनेच राक्षसाला लोळवले तर? या कल्पनेवर त्याने लिहिलेला चित्रपट १९९२ साली येऊन गेला होता. पण पडद्यावर त्याची हलकीफुलकी गंमत तेवढी उरली. व्हीडनचे त्यावर समाधान झाले नाही. पाच वर्षांनी त्याला छोट्या पडद्यावर दुसरी संधी मिळाली.

नायिका बफी समर्स, वय वर्षे सोळा. गाव सनीडेल, कॅलिफोर्नियातले पण काल्पनिक. या गावाच्या पोटात नरकाचे दार आहे, आणि ते नेमके शाळेखाली! प्रत्येक पिढीत एकाच मुलीला पिशाच्चांशी लढण्याची शक्ती मिळते. या पिढीत ती बफीला मिळाली आहे. तिचा गुरू शाळेचा ग्रंथपाल. दिवसा तास, गृहपाठ, आईची बोलणी. रात्री स्मशानात गस्त.

असुरमर्दिनी आपल्याला काही नवी नाही. पण आपली देवी देवांनी दिलेली शस्त्रे घेऊन रणात उतरते, तिला भय ठाऊक नाही. ही मुलगी भिते. पहिल्या पर्वाच्या शेवटी तिला कळते, की आपल्या मरणाचे भाकीत झाले आहे. तेव्हा ती रडते, चिडते, मला मरायचे नाही म्हणते. आणि मग जाते. धैर्याची याहून सोपी व्याख्या मला तरी सापडलेली नाही.

आता पैशांची गोष्ट. वाहिनी नवी, पैसा बेताचा. पहिले पर्व अवघ्या बारा भागांचे. पहिला भाग लोकांनी पाहण्याआधीच बाराही भाग तयार होते. चित्रीकरण स्वस्तातल्या सोळा मिलिमीटर फिल्मवर, आणि स्टुडिओ म्हणजे सांता मोनिकातले एक गोदाम. आज ते भाग पाहताना काही राक्षस चक्क रबराचे आणि पुठ्ठ्याचे वाटतात. काळजात खुंटी बसताच पिशाच्चाची धूळ होते, ही युक्तीही सोयीची. नाहीतर शाळकरी पोरांना दर आठवड्याला प्रेते लपवत बसावे लागले असते!

मग ही मालिका सात पर्वे, १४४ भाग टिकली कशी? माझ्या मते याचे उत्तर एका भागात आहे. शाळेत एक मुलगी असते. तिच्याकडे कुणी पाहत नाही, तिने हात वर केला तरी शिक्षकांना दिसत नाही. होता होता ती खरोखरच अदृश्य होते आणि सूड घेऊ लागते. अदृश्य राक्षसाला मुखवट्याचा खर्च नाही, हे खरेच. पण वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या कुणालाही तो राक्षस ओळखता येतो. राक्षस पुठ्ठ्याचा असेल, भीती खरी होती.

१९९९ सालच्या ‘हश’ या भागात सगळ्या गावाचा आवाज चोरीला जातो. निम्म्याहून अधिक वेळ पडद्यावर कुणी बोलत नाही. शब्दांवरच ज्याचा व्यवहार चालतो, अशा माझ्यासारख्या नभोवाणीवरच्या वक्त्याला हा भाग पाहून जरा ओशाळायलाच झाले. बोलता येत होते तेव्हा जी माणसे एकमेकांना टाळत होती, ती मुकी झाल्यावर जवळ येतात.

आणि २००१ सालचा ‘द बॉडी’. बफी घरी येते. आई सोफ्यावर निपचित पडलेली. कुणा राक्षसाने तिला मारलेले नाही, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आहे. या भागात पार्श्वसंगीत नाही. दारे उघडतात, बाहेर पोरे खेळतात, फोनवर बोलणे होते, तेवढेच आवाज. जगाला वाचवणारी मुलगी आईच्या छातीवर दाब देत राहते आणि काही होत नाही. ज्याच्या घरी असा दिवस येऊन गेला आहे, त्याला तो भाग पाहताना काही समजावून सांगावे लागत नाही.

श्रोतेहो, इथेच थांबलो असतो तर हे कौतुक अर्धे राहिले असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये मालिकेतली एक अभिनेत्री करिश्मा कार्पेंटर हिने जाहीर निवेदन केले. व्हीडनने आपल्याला अपमानास्पद वागणूक दिली, गरोदरपणातही छळले, असे तिने म्हटले. पुढच्या वर्षी एका मुलाखतीत व्हीडनने आपण तिच्याशी नीट वागलो नाही, असे मान्य केले; काही आरोप मात्र नाकारले. पण ज्याने मुलींना अंधाऱ्या गल्लीत निर्भयपणे चालायला शिकवले, त्याच्याच गोदामात असे बोलावे लागावे, हे वाचून मन खट्टू झाले.

मग मालिका टाकून द्यायची का? मी बराच विचार केला आणि मला आठवला २००३ सालचा शेवटचा भाग. पिढीत एकच मुलगी, हा नियम फार पूर्वी काही पुरुषांनी केलेला असतो. बफी म्हणते, हा नियम आम्ही मोडू. आणि तिची शक्ती जगभरातल्या, ती मिळू शकेल अशा सगळ्या मुलींमध्ये वाटली जाते. कुणी खेळाच्या मैदानावर ताठ उभी राहते, कुणी मारायला उगारलेला हात वरच्या वर धरते.

२०२१ साली कार्पेंटर बोलली, तेव्हा ती एकटी राहिली नाही. अँबर बेन्सन आणि मिशेल ट्रॅक्टनबर्ग या सहकलाकारांनी तिला दुजोरा दिला. खुद्द बफीची भूमिका करणारी सारा मिशेल गेलर हिनेही सांगितले, की बफीशी आपले नाव जोडले गेल्याचा अभिमान आहे, पण व्हीडनच्या नावाशी ते कायमचे जोडलेले नको. लेखकाने शेवटच्या भागात लिहिले, ते अठरा वर्षांनी या बायकांनी करून दाखवले.

गोष्ट लिहिणाऱ्याचा तिच्यावर हक्क असतोच. पण ती जगून दाखवणाऱ्यांचा हक्क मला मोठा वाटतो. म्हणून ती मालिका मी अजून पाहतो. पुठ्ठ्याचे राक्षस आले की हसतो, आणि ती सोळा वर्षांची मुलगी डोळे पुसून निघाली की गप्प बसतो.